हातातली कला आणि हातातला हिशेब

दिवाळी सरली, भात झोडून घरात आले, की जव्हार-मोखाड्याच्या एस.टी. स्थानकांवर आणि पाड्यांच्या फाट्यांवर बोचकी दिसू लागतात. तवा, डेचकी, घोंगडी, दोन-चार कपडे, कडेवर तान्हे मूल आणि मागे चालणारे शाळकरी पोर. कुठे निघालात म्हणून विचारले, तर आपल्याकडे एकच उत्तर मिळते, “जगायला.” वीटभट्टी, रेतीचे काम, शहरातले बांधकाम या सगळ्यांना मिळून आपल्या माणसांनी हा एकच शब्द ठेवला आहे. स्वतःच्या गावात राहून जगता येत नाही, ही कबुली त्या शब्दातच आहे.

आपल्या शाळेच्या या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, तेव्हा विषय मनात होता तो छंदातून होणाऱ्या कमाईचा. हल्ली या विषयावर पुष्कळ बोलले जाते. शहरातल्या माणसाला तो सुट्टीच्या दिवसाचा विषय वाटतो. पगार आहेच, त्यात आवडीच्या कामाची थोडी भर पडली तर बरे. आपल्याकडे त्याचा अर्थ वेगळा आहे. पावसाळ्यात भात, नागली, वरई पिकते आणि उरलेले सात-आठ महिने हात रिकामे राहतात. त्या महिन्यांत एका घरात जरी आवडीच्या कामातून नेमाने चार पैसे आले, तरी ते घर भट्टीवर जात नाही, आणि त्या घरातले मूल शाळेच्या पटावर आणि वर्गातही टिकते. म्हणून हा विषय आपण गंभीरपणे घेतला पाहिजे, असे माझे मत आहे.

मात्र गंभीरपणे घ्यायचा म्हणजे केवळ कौतुक करायचे नाही. याबाबत एक आठवण मला टोचत राहिली आहे.

आमच्या वसतिगृहात एक मित्र होता. वहीच्या मागच्या पानांवर तो सतत चित्रे काढी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडायचे की माणूस उभा राहतो, हे त्याने घरच्या भिंतीवरून उचलले होते. दहावीनंतर त्याचे शिक्षण थांबले. पुढे महामार्गाजवळच्या एका हॉटेलची भिंत रंगवण्याचे काम त्याला मिळाले. आठ दिवस काम केले. जेवण, झोपायला जागा आणि वर थोडे पैसे मिळाले. तो आनंदात परतला. पुढच्या वर्षी त्या भिंतीवरचा तारपानाच त्याला एका छापील दिनदर्शिकेवर दिसला. खाली त्याचे नाव नव्हते. तो मला येऊन भेटला आणि म्हणाला, “मी विचारायला जाऊ का?” मी विचारले, “काम घेताना काही लिहून घेतले होतेस का?” त्याने मान हलवली. आम्ही दोघेही गप्प बसलो. त्यानंतर त्याने कुंचला हातात घेतला नाही. दिवाळीनंतर तोही जगायला जाऊ लागला.

त्याच्या कलेत उणे काहीच नव्हते. उणे होते ते कलेच्या भोवतीचे ज्ञान: किंमत कशी ठरवावी, कागदावर काय लिहून घ्यावे, नाव कुठे घालावे, कोणाला विचारावे. ते आम्हा दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. आवड निसर्गाने दिली तरी तिची उपजीविका शिकूनच करावी लागते, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

आपल्या जिल्ह्यातले सर्वांत मोठे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण ते नीट वाचले जात नाही. जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा. लहानपणी आई गेली आणि तो धक्का असा बसला की मुलगा बोलायचाच थांबला. मातीत रेघा ओढून तो आपले मन सांगू लागला. पुढे ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडला राहिले, मजुरी केली आणि चित्रे काढीत राहिले. वारली समाजात लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा. चित्रात पालघट देवी बसते, धवलेरी गाणी म्हणते, मगच लग्न लागते. पुरुषाने, आणि तेही लग्नाविना, रोज चित्र काढावे ही गोष्टच नवी होती. १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे स्वतः चित्रकार असलेले गृहस्थ हस्तकलेच्या सरकारी कामानिमित्त या भागात आले. त्यांनी म्हसे यांची रेघ ओळखली, कागद आणि रंग हाती दिले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात ती चित्रे लागली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले, तेव्हा जगातल्या अनेक देशांनी त्यांची चित्रे पाहिली होती. त्यांची मुलेही चित्रकार झाली आणि मागोमाग पालघर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत कागद आणि कापड शिरले.

ही कथा आपण “गुणाला वाव मिळतोच” अशा थाटात सांगतो. मला ती तशी दिसत नाही. म्हसे यांच्या हातातला गुण कुलकर्णी येण्यापूर्वीही होताच. फरक पडला तो त्या गुणाला कागद, कलादालन आणि प्रामाणिक मध्यस्थ मिळाल्यामुळे. असा माणूस प्रत्येक पाड्यावर येत नाही. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. सुकलेला भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांतून घडलेल्या त्या वाद्यासाठी त्यांनी आयुष्याचा श्वास खर्च केला. आपल्या सगळ्यांची मान त्या दिवशी ताठ झाली. पण सन्मान नव्वदीनंतर आला, हेही आपण लक्षात ठेवू. सन्मानाची वाट पाहत चूल पेटत नाही. चुलीसाठी दर महिन्याचे गणित लागते.

ते गणित शाळेत शिकवता येते. एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका मुलीने दोन फूट बाय तीन फुटांचे चित्र काढले. कापड आणि रंगाला २५० रुपये लागले. काढायला तीन दिवस गेले. दिवसाला ३०० रुपये मजुरी धरली तरी ९०० रुपये झाले. अशी दहा चित्रे घेऊन ती मुंबईच्या प्रदर्शनाला गेली. जाणे-येणे, राहणे, खाणे मिळून १,५०० रुपये, म्हणजे प्रत्येक चित्रामागे १५०. हे चित्र तिला १,३०० रुपयांना पडले. आता समोरचे गिऱ्हाईक “आठशेला दे ना” म्हणाले आणि तिने भिडेपोटी दिले, तर तिने स्वतःच्या खिशातले ५०० रुपये त्या गिऱ्हाइकाला वर दिले. आणि १,३०० ला दिले तरी तिच्याकडे मजुरीशिवाय काही उरत नाही. पुढच्या वेळचे कापड, न विकली गेलेली चित्रे, काम नसलेले दिवस हे सगळे भागायचे तर किंमत त्याहून वरच हवी. आपली मुले वर्गात नफा-तोट्याची उदाहरणे सोडवतात. पण ती उदाहरणे आंबे विकणाऱ्या कुठल्यातरी दुकानदाराची असतात. ती स्वतःच्या टोपलीची, स्वतःच्या चित्राची, बोहाड्याच्या मुखवट्याची असावीत, असे मला फार वाटते.

हिशेबाच्या पुढची पायरी कागदाची. माझ्या मित्राला जे ठाऊक नव्हते, ते या स्मरणिकेच्या वाचकांपैकी प्रत्येकाला ठाऊक असावे म्हणून येथे लिहितो. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, स्वतःच्या मनाने काढलेले चित्र विकले, तरी त्याच्या प्रती छापण्याचा हक्क त्याबरोबर विकला जात नाही. तो द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. पण कोणी सांगून, मोबदला देऊन चित्र काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास तो हक्क काढून घेणाऱ्याकडे जातो. हॉटेलची भिंत, लग्नपत्रिका, दिनदर्शिका ही सारी कामे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. म्हणून अशा कामाआधी एका कागदावर चार ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात: काम काय, पैसे किती आणि केव्हा, चित्र आणखी कुठे वापरायचे झाल्यास वेगळे पैसे, आणि चित्राखाली चित्रकाराचे नाव. हक्क दिला तरी ते चित्र आपले आहे हे सांगण्याचा अधिकार कायद्याने चित्रकाराकडेच राहतो. चार ओळींचा कागद मागण्यात उद्धटपणा नाही. ज्याच्या मनात खोट नाही, तो सही करायला कचरत नाही.

दुसरी गोष्ट भौगोलिक मानांकनाची. वारली चित्रकलेला ते २०१४ साली मिळाले. त्याचा लाभ मिळण्यासाठी कलाकाराने स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ती आपोआप होत नाही. तिसरी गोष्ट सरकारी योजनांची. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत टोपल्या, चटया, झाडू विणणारे आणि बाहुल्या-खेळणी करणारे आहेत. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि तारणाशिवाय आधी एक लाख व मग दोन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाचे कर्ज अशी तिची रचना आहे. बांबूच्या बाबतीतही वाट सुकर झाली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मानला आणि बांबू त्यात धरला. २०१७ साली वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. आपल्या शेताच्या बांधावरचा बांबू तोडून टोपली विणणाऱ्याने आता भिण्याचे कारण नाही. हे सारे जाणणारा एक माणूस प्रत्येक गावात हवा. तो माजी विद्यार्थी असेल, तर शाळेचे ऋण फिटले म्हणायचे.

आता एका आक्षेपाकडे वळतो. काही पालक मला म्हणतात, “मुलांना टोपल्या आणि चित्रे शिकवायची होती, तर शाळेत कशाला घातले असते? आम्ही घरीच शिकवले असते.” या प्रश्नात दुखणे आहे, आणि त्याला टाळून पुढे जाणे बरोबर नाही. जन्मावरून धंदा ठरवण्याच्या रूढीने या देशात किती पिढ्या चिरडल्या, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. माणसाची आवड आणि कुवत न पाहता त्याला बापाचाच धंदा चिकटवणे हा जातिव्यवस्थेचा मोठा दोष आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त बजावून सांगितले. तेव्हा आदिवासी मूल म्हणजे वारली चित्र, बुरुडाचे मूल म्हणजे बांबू, असा सोपा हिशेब कोणी मांडू लागला, तर त्याला आपण नकारच दिला पाहिजे. आपल्या शाळेतल्या मुलीला रसायनशास्त्र आवडत असेल तर तिने रसायनशास्त्र शिकावे. मोटार दुरुस्त करण्यात एखाद्याचा जीव रमत असेल तर त्याने आय.टी.आय.ला जावे. कोणाला कलमे बांधण्याचा नाद असेल तर त्याची रोपवाटिका व्हावी. मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडून दादरच्या फूलबाजारात पाठवणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना विचारा, झाडाची आवडही घर चालवू शकते. छंद ज्याचा त्याने निवडलेला असावा. निवड आहे तिथे कला आहे. निवड काढून घेतली की तीच वेठ होते.

म्हणूनच शिक्षण आणि छंद यांत एकाला सोडून दुसऱ्याला धरा, असा सल्ला मी कधीही देणार नाही. दहावी-बारावी सोडून केवळ चित्रांच्या भरवशावर राहिलेल्या मुलापुढे पहिल्या मंदीतच वीटभट्टी उभी राहते. आधी छंदाला जोडधंदा होऊ द्यावे. शेती, नोकरी किंवा शिक्षण चालू ठेवून दोन-तीन वर्षे वहीत जमाखर्च लिहावा. वर्षाचे आठ-नऊ महिने त्यातून घरखर्च निघतो असे वहीच सांगू लागली, की मग पूर्णवेळ त्यात उतरावे. हा निर्णय मनाच्या उमाळ्यावर घेऊ नये, वहीवर घ्यावा.

एक प्रश्न आपल्या भगिनींचाही आहे. चौक लिहिण्याची परंपरा ज्यांनी शेकडो वर्षे सांभाळली त्या स्त्रिया. बाजारात मात्र नावे पुरुषांचीच अधिक ऐकू येतात. घरात चित्र दोघे मिळून काढतात आणि सही एकाची होते, असे जिथे होत असेल तिथे ते थांबावे. काढणारीचे नाव चित्राखाली आणि तिचे पैसे तिच्या बँक खात्यात, एवढा नियम आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या घरांत जरी पाळला गेला, तरी फार मोठे काम होईल. आणि जे विकायचे नाही, ते विकू नये. देवचौकाला समाजात जे स्थान आहे, बोहाड्यातल्या सोंगांना जो मान आहे, तो गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी मोडायचा की नाही हे गावाने ठरवावे. विकण्यासाठी शेत, जंगल, पाऊस, बाजार, एस.टी., शाळा असे हजार विषय पडले आहेत.

या जागी तथागतांच्या एका उपदेशाची आठवण होणे स्वाभाविक आहे. कोलिय कुळातला दीघजाणु हा संसारी माणूस त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, आम्ही बायकामुलांत राहणारी माणसे, आमच्या भल्याचे काही सांगा. अंगुत्तर निकायात ही कथा आहे. इहलोकीच्या हितासाठी बुद्धांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या: आपल्या कामात कुशल आणि उद्योगी असणे, कष्टाने मिळवलेले नीट राखणे, चांगल्या माणसांची संगत धरणे, आणि आवक पाहून खर्च करणे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आज बांबूची टोपली विणणाऱ्या मुलीलाही जसाच्या तसा लागू पडतो. कौशल्य आपल्यापाशी आहे. राखणे आणि हिशेब हे शिकायचे आहे. आणि कल्याणमित्र व्हायचे आहे ते आपण, म्हणजे या शाळेतून बाहेर पडलेल्या सर्वांनी. सम्यक आजीविकेचा अर्थही इथेच कळतो. छापील चित्र हाताने काढले म्हणून विकणे, किंवा दुसऱ्याच्या पाड्याचे काम आपले म्हणून खपवणे, यातून पैसा आला तरी ती आजीविका सम्यक नव्हे. ज्या अन्यायाची तक्रार आपण करतो, तो आपल्या हातून होऊ नये.

शेवटी तीन विनंत्या करतो. शाळेला विनंती अशी, की आठवड्यातला एक तास छंदाला आणि त्याच तासातला अर्धा भाग हिशेबाला द्यावा; गावातल्या जाणत्या वादकांना, विणणाऱ्यांना, मुखवटे घडवणाऱ्यांना मानधन देऊन बोलवावे. फुकट बोलावून आपण मुलांना हेच शिकवतो की कलेला मोल नसते. पालकांना विनंती अशी, की मूल वहीच्या मागच्या पानावर काही काढत असेल, तर पान फाडू नका आणि लगेच त्याच्याकडून कमाईची आशाही धरू नका. माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी, की मुंबई, ठाणे, नाशिकला जे नोकरीत आहेत त्यांनी वर्षातून एकदा तरी एखाद्या लहानग्या कलाकाराचा करार वाचून द्यावा, हिशेब तपासावा, एखादे चित्र पूर्ण किमतीला घ्यावे. घासाघीस आपल्याच माणसाशी करू नये.

माझा मित्र आता पन्नाशीला आला आहे. मागच्या पावसाळ्यात त्याच्या घरी गेलो होतो. त्याची नात शाळेच्या वहीत काहीतरी काढत बसली होती. त्याने तिची वही माझ्यापुढे सरकवली आणि एवढेच म्हणाला, “हिला ते कागदाचे सांग.” मी सांगितले. सह्यांची जागा कुठे, नाव कुठे, हे तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. त्याच पानावर, थोडे वर, तारपाकऱ्याभोवती नाचणाऱ्या माणसांचे रिंगण होते.